जोर लावून लिहा

बंद पडलेल्या कपड्यांच्या दुकानात त्या रविवारी सकाळी एवढी गर्दी लोटली होती, की दुकान चालू असताना सेलच्या दिवसांतही कधी लोटली नसेल. जिन्यावर माणसं, जिन्याखाली माणसं, आणि आत तर पाय ठेवायला जागा नाही. कपड्यांचे स्टँड हलवून तिथे सतरंज्या अंथरल्या होत्या. भिंतीवरचे आरसे चादरींनी झाकले होते, कारण मौनीबाबांना स्वतःचं तेज सोसत नाही म्हणे. एका आरशावरची चादर जरा घसरली होती आणि त्यात बाबांच्या टकलाची मागची बाजू दिसत होती. तेज होतं, हे मात्र खोटं नाही.

यांना मौनीबाबा कोण म्हणालं असेल, असा प्रश्न भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मोठीला दर वेळी पडे. बाबा सकाळी नऊला जे बोलायला लागत, ते दुपारी दोनला भूक लागल्यावर थांबत.

"शब्द म्हणजे काय? शब्द म्हणजे बी. तोंडातून पडलं, की रुजलंच म्हणून समजा. तुम्ही म्हणता दुःख आलं. अरे, ते आलं नाही, तुम्ही त्याला हाक मारलीत. मी काय करतो? मी दुःख घेत नाही, त्याचं नाव काढून घेतो. आता नावच नाही म्हटल्यावर ते बिचारं यायचं कुठल्या पत्त्यावर?"

लोक माना डोलवत. कुणीतरी डोळे पुसे.

चमत्कार असा होता. दुकानाच्या तीन ट्रायल रूमपैकी मधलीत एकेकट्याने जायचं. पडदा ओढून घ्यायचा. आत एक स्टूल, हिरव्या कापडाने मढवलेली लिहायची फळी, चिठ्ठ्या आणि दोरीला बांधलेलं बॉलपेन. ज्या शब्दात तुमचं दुःख राहतं तो एक शब्द चिठ्ठीवर लिहायचा, आणि कुणालाही न दाखवता ती चिठ्ठी तिथल्याच दिव्यावर स्वतःच्या हाताने जाळून टाकायची. पांढऱ्या कपड्यांतली सेविका बाहेरून प्रत्येकाला बजावायची, "जोर लावून लिहा हं. शब्द मनातून पूर्ण सुटला पाहिजे." मग ती फळी "शुद्ध करायला" शेजारच्या ट्रायल रूममध्ये घेऊन जाई आणि दुसरी आणून ठेवी. थोड्या वेळाने बाबांसमोर झाकणी घातलेला पाण्याचा पेला येई. बाबा झाकणी उचलून पाण्यात पाहत, एक घोट घेत, डोळे मिटत, आणि जळून राख झालेला तुमचा शब्द तुम्हालाच सांगत.

लोक हबकून जात. हबकणारच. राख काही कुणी वाचू शकत नाही.

एकदा शब्द बाबांनी घेतला, की नव्वद दिवस तो तुमच्या घरात कुणी उच्चारायचा नाही. गावात त्यामुळे मजाच मजा झाली होती. बसच्या कंडक्टरने "सुट्टे" हा शब्द देऊन टाकला होता. आता तो प्रवाशांच्या कानाशी नाणी खुळखुळवायचा. शाळेतल्या एका बाईंनी "चूक" देऊन टाकला होता, त्यामुळे त्यांच्या वर्गात सात आठे त्रेसष्ट झाले तरी पाठ थोपटली जायची.

मोठीला हसू यायला हवं होतं. पण तिच्या धाकट्या जावेने याच ट्रायल रूममध्ये जाऊन "दुखतंय" हा शब्द दिला होता, आणि त्या दिवसापासून मोठीचं हसू आटलं होतं.

*

घरात चार बायका. सासूबाई, मोठी, धाकटी आणि धाकटीची तीन वर्षांची छकुली. दोघी जावांचे नवरे दूर कुठेतरी पूल बांधायच्या कामावर, तीन-तीन महिन्यांनी येणारे. घर दोन खोल्यांचं. एकीने कूस बदलली तर दुसरीला कळावं, असं.

धाकटीच्या पोटात उजव्या बाजूला खाली कळ यायची. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की अपेंडिक्सला सूज आहे, आत्ता औषधाने उतरेल, पण पुन्हा दुखलं तर घरगुती काढे करत न बसता थेट माझ्याकडे यायचं. पुन्हा दुखलं. पण तोवर गावात मौनीबाबा आले होते, आणि सासूबाईंच्या हातात बाबांचं पत्रक पडलं होतं.

बाबांनी धाकटीचा शब्द ओळखला, मग छकुलीकडे बोट दाखवून खालच्या आवाजात म्हणाले, "हा शब्द तुझ्या घरात कुणाच्याही तोंडून निघाला, तर दुखणं दुप्पट होऊन या लेकराच्या अंगात शिरेल."

झालं. दाराला बाहेरून कडी घातल्यासारखं झालं.

पाचव्या दिवशी धाकटी भांडी घासता घासता ओट्याला धरून वाकली, आणि मोठीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "दुखतंय का गं?" दुसऱ्या दिवशी सकाळी छकुलीचं अंग तापलेलं. तिच्या बालवाडीतली निम्मी पोरं त्या आठवड्यात नाक गाळत होती, हे मोठीने तीनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. ते बघणं मोठीला शिवीपेक्षा लागलं. आणि खरं सांगायचं तर पोरीच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवताना तिच्या स्वतःच्याही मनात आलंच, की आपण बोललो नसतो तर? एवढी व्यवहारी बाई, पण तिच्याही मनात आलं. भीतीला व्यवहार कळत नाही.

ताप दोन दिवसांत उतरला. पण त्यानंतर घर मुकं झालं. आधी तो एक शब्द गेला, मग त्याच्या आजूबाजूचे गेले. "कसं वाटतंय" विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर तिकडेच जातं. "डॉक्टर" म्हणायचं नाही, "पोट" म्हणायचं नाही. धाकटी ओठ दाबून वावरे, आणि कळ आली की संडासात जाऊन नळ सोडून बसे. बाहेर सगळ्यांना कळे, की बादली भरत नाहीये. कुणी काही बोलत नसे.

मोठी एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आली. डॉक्टर वैतागलेले होते.

"तीन आठवडे झाले, लोक माझ्याकडे येतात आणि तोंडावर बोट ठेवून बसतात. अहो, जनावरांचा डॉक्टर तरी हंबरणं ऐकतो. मी काय ऐकू? घेऊन या तिला. ताप आला, पोट कडक झालं, तर मग दिवस नाही, तास मोजायचे."

मोठीने घरी येऊन धाकटीला सगळं सांगितलं, तो शब्द वगळून. धाकटी शांतपणे म्हणाली, "ताई, माझ्यावर येणार असतं ना, तर मी केव्हाच ओरडले असते."

धाकटी वेडी नव्हती. ती आई होती, आणि तिला नेमकं तिथेच धरलं होतं.

*

मोठीच्या जिवाला आणखी एक काटा होता, तो घरात कुणालाच माहीत नव्हता.

ती कचेरीच्या पायऱ्यांशी टेबल टाकून लोकांचे अर्ज टाईप करून द्यायची. शाळा सातवीत सुटली होती. पुढचं सगळं जुन्या अर्जांच्या प्रती वाचून शिकली. कुठल्या शब्दाने साहेब मान वर करतो आणि कुठल्या शब्दाने कागद टोपलीत जातो, हे तिला पाठ होतं. म्हातारी म्हणे, "नळाला पाणी नाही बाई," आणि मोठी टाईप करी, "सदर वस्तीतील रहिवासी गेले तीन आठवडे पाण्यावाचून अत्यंत हालअपेष्टा सोशीत आहेत." आठ दिवसांत पाणी येई. शब्दात जोर असतो, हे तिला बाबांनी शिकवायची गरज नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी ती पांढऱ्या कपड्यांतली सेविका तिच्याकडे भक्तांचे अनुभव टाईप करून घ्यायला आली होती. कागदावर कुणी लिहिलं होतं, "आता थोडं बरं वाटतंय." मोठीचे हात सवयीचे. तिने टाईप केलं, "माझी दीर्घकालीन व्याधी समूळ नाहीशी झाली." कुणी लिहिलं होतं, "रात्री झोप लागली." त्याचं झालं, "मला नवजीवन प्राप्त झाले." असे एकवीस अनुभव. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. अर्ज असाच करतात.

त्याच अनुभवांचं पत्रक छापून घरोघर वाटलं गेलं. सासूबाईंनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि धाकटीला म्हणाल्या, "समूळ नाहीशी झाली म्हणतात बघ. असं काय कुणी उगाच लिहील?"

मोठी तेव्हा पोळपाटाशी होती. तिने मान वर केली नाही.

*

शनिवारी दुपारी एक आजोबा टेबलाशी आले. अर्ज तीन प्रतींत होता, मध्ये दोन कार्बन. मोठीने कागद नीट जुळवून त्यांच्यापुढे सरकवले आणि दिवसातून वीसदा म्हणते तेच म्हणाली, "जोर लावून सही करा आजोबा. खालपर्यंत उमटली पाहिजे."

आजोबांनी सही केली. मोठी मात्र तशीच बसून राहिली. तिच्याच तोंडून तिला त्या सेविकेचा आवाज ऐकू आला होता. जोर लावून लिहा हं.

मनातून सुटायचा असेल तर शब्द हळूच लिहिला तरी सुटेल. जोर मनाला लागत नाही. जोर लागतो खालच्या कागदाला.

आजोबांनी दोनदा विचारलं, की झालं का बाई. झालं, म्हणाली.

घरी जाऊन तिने फळी, कापड, कार्बन सगळं धाकटीला समजावून सांगितलं. धाकटी ऐकत होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती उजवा पाय पोटाशी घेऊन बसली होती. शेवटी म्हणाली, "असेलही ताई. शंभरातल्या नव्व्याण्णव वाटांवर तुझं खरं असेल. पण उरलेल्या एकीवर माझी पोर उभी आहे."

मोठीने तिच्या कपाळाला हात लावला. गरम होतं.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर बाबांकडे चल," ती म्हणाली. "दवाखान्यात नाही, बाबांकडेच. आईंनाही घेऊ." बाबांकडे म्हटल्यावर सासूबाई लगेच तयार झाल्या. तेवढ्यासाठी मोठीने त्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

*

रविवारी कंडक्टरने ओळखीखातर त्यांना रांगेत पुढे घेतलं. धाकटीला भिंतीशी बसवलं, छकुलीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि मोठी मधल्या ट्रायल रूममध्ये शिरली. "जोर लावून लिहा हं," सेविका बाहेरून म्हणाली. मोठी म्हणाली, "हो तर."

पिशवीतून तिने दोन पेनं काढली. एक रिकाम्या रिफिलचं बॉलपेन, शाई संपून महिना झालेलं. त्याने तिने चिठ्ठीवर चांगलं दाबून एक शब्द लिहिला. कागदावर काही दिसलं नाही. मग दुसरं, छकुलीचं निळं स्केचपेन. ते घेऊन, मोरपीस फिरवावं इतक्या हलक्या हाताने, तिने त्याच चिठ्ठीवर एक वाक्य लिहिलं. दिव्यावर तिने दुसराच कोरा कागद जाळला आणि खरी चिठ्ठी घडी करून मुठीत घेतली.

बाहेर आल्यावर ती सासूबाईंच्या हातात देऊन म्हणाली, "मुठीत धरा. मी सांगेपर्यंत उघडू नका."

सासूबाई गोंधळल्या, पण धरली.

पेला आला. बाबांनी झाकणी उचलली, पाण्यात पाहिलं, घोट घेतला, डोळे मिटले.

"लहानपणची गोष्ट आहे," बाबा म्हणाले. "अंधारा कोपरा. तू हात घातलास. किंवा तुझ्या फार जवळच्या माणसाने घातला. तिथून एक भीती तुझ्या रक्तात चढली, ती अजून उतरली नाही. बाई, तुझा शब्द आहे विंचू."

सतरंज्यांवरून आश्चर्याची लाट गेली.

"आई, आता चिठ्ठी उघडा," मोठी म्हणाली. "मोठ्याने वाचा."

सासूबाईंनी चष्मा नाकावर चढवला. त्या वाचतात तशा, एकेक शब्द सोडवत, त्यांनी वाचलं:

"मला... माझ्या जावेला... आजच्या आज... दवाखान्यात... न्यायचं आहे."

त्यांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. पुन्हा सुलटी केली.

"यात विंचू कुठे आहे?" त्यांनी विचारलं. उपरोधाने नाही. खरंच शोधत होत्या.

"तिरपी धरा उजेडात," मोठी म्हणाली. "नुसता दाब दिसेल. तो मी बिनशाईच्या पेनाने उमटवलाय. बाबा मन वाचत असते तर दवाखाना म्हणाले असते. रात्रभर माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. त्यांनी फळी वाचली. फळीला फक्त दाब कळतो."

बाबांचा आवाज चढला. ती शब्दाशी कपट करतेय, याचं फळ वाईट आहे, असं बरंच काही म्हणू लागले. पण तोवर कंडक्टर उठला होता. वीस वर्षं चालत्या बसमध्ये तोल सांभाळलेला माणूस, गर्दीतून दोन ढांगांत पुढे गेला. त्याने पेल्याची झाकणी उचलली आणि उलटी केली. आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवली होती. तिच्यावर कार्बनच्या जांभळट अक्षरात मोठीच्या हाताचा विंचू.

मग त्याने ट्रायल रूममधली फळी आणली आणि हिरवं कापड टरकावलं. कापड पातळ होतं, वरून उगाच जाड दिसे. खाली कार्बन, कार्बनखाली पांढरा कागद. सेविका शेजारच्या पडद्यामागून बाहेर आली, तिची बोटं जांभळी होती. तिने हात मागे घेतले.

"म्हणजे माझा शब्दही यांनी असाच वाचला," कंडक्टर म्हणाला. मग सगळ्या बसला ऐकू जावं अशा आवाजात त्याने सांगून टाकलं, "सुट्टे."

कुणीतरी हसलं. पण सगळे हसले नाहीत. मागून एक बाई म्हणाली, की ते फळीचं असेल काही, पण पत्रकात एकवीस लोकांनी लिहिलंय ते काय खोटं?

हा प्रश्न येणार हे मोठीला ठाऊक होतं. रात्री तिने याचीच खरी धास्ती घेतली होती.

"ते मी लिहिलंय," ती म्हणाली. "लोकांनी लिहिलं होतं, थोडं बरं वाटतंय. 'समूळ' माझा. 'नवजीवन' माझं. आई, तुम्ही माझ्या शब्दावर भरवसा ठेवून हिला इथे आणलंत. बाबांच्या नाही."

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा चढवला.

बाबांनी शेवटचा डाव टाकला. आवाज अगदी मऊ करून ते भिंतीकडे वळले. "मुली, ही बाई तुझी वैरीण आहे. तुझ्या लेकराचा विचार कर. तो शब्द इथे निघाला तर पुढचं माझ्या हातात नाही."

सगळं दुकान धाकटीकडे बघू लागलं. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. तिने सासूबाईंच्या मांडीवरच्या छकुलीकडे पाहिलं, मग त्या झाकणीकडे, मग चिठ्ठीकडे. मोठीला वाटलं, ही आता तोंडाला आतूनही कडी लावून घेणार.

तेवढ्यात सासूबाईंनी छकुलीला घट्ट धरलं आणि समोर बघत, कुणालाच उद्देशून नाही अशा तऱ्हेने, म्हणाल्या, "बोल गं. मी धरलंय हिला."

"ताई," धाकटी म्हणाली, "दुखतंय." आणि एकदा निघाल्यावर थांबेना. "दुखतंय ताई, खूप दुखतंय, कालपासून पाय सरळ होत नाहीये."

सगळ्यांनी छकुलीकडे पाहिलं. छकुलीने सतरंजीचा एक धागा ओढून काढला, तो आजीला दाखवला आणि जांभई दिली.

*

कंडक्टरने रिक्षा थांबवली. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि पाचच प्रश्न विचारले; धाकटीने पाचांची उत्तरं दिली. संध्याकाळच्या आत ऑपरेशन झालं. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, की उद्या आणली असती तर आत फुटलं असतं, आणि मग मी काही सांगू शकलो नसतो.

मौनीबाबांना त्या दुपारी पहिल्यांदा मौन साधलं. लोकांनीच पोलिसांना बोलावलं होतं, आणि पोलिसांपुढे त्यांना एकही शब्द सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सने येऊन धाकटीला विचारलं, "दुखतंय का?" धाकटीने सवयीने ओठ दाबले. उशाशी सासूबाई होत्या. त्यांनी सुनेच्या हातावर चापट मारली. "विचारतायत ना त्या? सांग की."

"दुखतंय," धाकटी म्हणाली.

"कुठे?"

"इथे."

नर्सने इंजेक्शन दिलं. पंधरा मिनिटांत धाकटी झोपली. शब्दाने जेवढं करायचं, तेवढं केलं होतं. योग्य माणसाच्या कानापर्यंत तो पोचला, पुढचं औषधाने केलं. यापेक्षा जास्त कुणी शब्दाच्या नावाने कबूल करत असेल, तर त्याच्या पाण्याच्या पेल्याची झाकणी आधी उलटी करून बघावी.

मोठी दोन दिवसांनी टेबलावर परतली. पहिल्यांदा तिने एकच कागद टाईप केला, कचेरीच्या भिंतीवर लावायला. नेहमीसारखे जड शब्द बोटांशी आले, पण तिने ते येऊ दिले नाहीत. कागदावर एवढंच होतं: "पत्रकातले एकवीस अनुभव मी वाढवून लिहिले होते. लोक इतकंच म्हणाले होते, की थोडं बरं वाटतंय. दुखत असेल तर दुखतंय म्हणा, आणि ते डॉक्टरला सांगा. म्हणण्याने काही होत नाही. न म्हणण्याने होतं."

खाली सही केली. एकच प्रत होती, तरी सवयीने जोर लावून केली.